विवर्धकाकडून स्विचकडे : ट्रांझिस्टरच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दशक

प्रस्तावना :

मराठी भाषेत 'ट्रांझिस्टर' हा शब्द दीर्घकाळ ज्या अर्थाने रूढ होता तो अर्थ एखाद्या अर्धवाहक साधनाचा नव्हता, तर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेडिओसंचाचा होता. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकताना कानाशी धरलेला किंवा शेताच्या बांधावर ठेवलेला संच म्हणजे ट्रांझिस्टर, अशीच सर्वसामान्यांची समजूत होती. संचाच्या पोटातील मूठभर घटकांचे नाव अशा प्रकारे संपूर्ण संचाला मिळाले. लोकभाषेने केलेला हा अर्थविस्तार मार्मिक आहे. रेडिओमध्ये ट्रांझिस्टर जे कार्य करतो ते मुख्यत्वे विवर्धनाचे, म्हणजे क्षीण विद्युत् संदेशाला बळकटी देण्याचे असते. त्याच साधनाचे दुसरे कार्य म्हणजे विद्युत् स्पंदांना वाट देणे किंवा त्यांची वाट अडविणे, अर्थात स्विचचे कार्य. संगणकापासून दूरध्वनी केंद्रापर्यंतची सर्व अंकीय यंत्रणा या दुसऱ्या कार्यावर उभी आहे; परंतु लोकभाषेत त्याला स्वतंत्र नाव मिळाले नाही.

इतिहासलेखनातही काहीसे असेच घडले आहे. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रांझिस्टरचा शोध लागला आणि त्यातून संगणकयुग अवतरले, अशी सरळ रेषा बहुतेक पाठ्यपुस्तकांत काढलेली आढळते. वास्तविक १९४७ हे विवर्धक म्हणून ट्रांझिस्टरचे जन्मवर्ष होय. भरवशाचा आणि वेगवान स्विच म्हणून तो सिद्ध होण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली, आणि त्यासाठी स्वतंत्र शोध लावावे लागले. हे दशक वगळले तर भारतातील पहिल्या संगणकनिर्मितीचे, विशेषतः मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'टिफ्रॅक'चे मूल्यमापनही चुकीच्या पायावर होते. प्रस्तुत लेखात या दशकाचा परामर्श घेतला आहे.

स्पंदांची दुहेरी मागणी :

विद्युत् स्पंद म्हणजे अत्यल्प काळ टिकणारा विद्युत्दाबाचा वा विद्युतप्रवाहाचा झटका. त्याच्यावर दोन प्रकारचे संस्कार करावे लागतात, आणि या दोहोंच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. विवर्धकाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा असते. आत आलेला स्पंद दुप्पट असेल तर बाहेर पडणारा स्पंदही दुप्पटच असला पाहिजे. स्विचकडून नेमकी उलट अपेक्षा असते. आत आलेला स्पंद थोडा झिजलेला, वाकडातिकडा असला तरी बाहेर पडणारे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी एकच असावे. मधली अवस्था नसावी. विवर्धक संदेशाचा आकार जपतो, तर स्विच तो आकार मोडून आपला ठराविक आकार त्याला देतो.

अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही कार्ये एकाच उपकरणात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. किरणोत्सारी कण शोधकात शिरला की अतिशय क्षीण स्पंद निर्माण होतो. स्पंदाच्या उंचीवरून कणाची ऊर्जा समजते, म्हणून प्रथम त्याचे प्रमाणशीर विवर्धन करावे लागते. त्यानंतर ठराविक उंचीपेक्षा लहान स्पंद गाळून उरलेल्यांची मोजदाद करावयाची असते, आणि तेथे स्विचचे काम सुरू होते.

निर्वात नलिकांच्या, म्हणजे बोलीभाषेतील 'व्हॉल्व्ह'च्या काळात ही दोन्ही कामे एकच साधन करीत असे. विल्यम एकल्स आणि फ्रँक जॉर्डन यांनी १९१८ मध्ये दोन नलिका परस्परांना जोडून दोन स्थिर अवस्था असलेले मंडल तयार केले. ब्रूनो रॉसी यांनी १९३० मध्ये विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी एकाच क्षणी आलेले स्पंद ओळखणारे मंडल सिद्ध केले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी १९३२ मध्ये दर दोन स्पंदांमागे एक स्पंद पुढे पाठविणारा गणक बनविला. यांत्रिक गणकाला न झेपणाऱ्या वेगाने येणारे कण त्यामुळे मोजता येऊ लागले. अंकीय संगणकाची मंडले ही मोठ्या प्रमाणावर या कणमोजणीच्या मंडलांची वारसदार आहेत, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे.

अर्धवाहकांचा प्रवेश याही आधीचा आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना स्फटिकाच्या शोधकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि ते १९०४ मध्ये मंजूर झाले. परंतु स्फटिक शोधक संदेश निवडू शकतो, त्यात ऊर्जेची भर घालू शकत नाही. रशियातील ओलेग लोसेव्ह यांनी १९२०च्या दशकात झिंकाइट स्फटिकापासून विवर्धन मिळविले होते, मात्र त्या वेळी त्यामागील कारणमीमांसा कोणालाच उमगली नव्हती आणि ते काम मागे पडले.

मागितला स्विच, मिळाला विवर्धक :

बेल प्रयोगशाळेतील संशोधनामागील मूळ प्रेरणा कोणती, हा प्रश्न या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. १९३६ मध्ये संशोधन संचालक झालेल्या मर्विन केली यांनी तरुण विल्यम शॉक्ली यांच्यापुढे दूरध्वनी केंद्रांतील रिलेच्या धातूच्या संपर्कांऐवजी इलेक्ट्रॉनिक साधने आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, असे शॉक्ली यांनीच पुढे सांगितले आहे. रिले हा निखळ स्विच. त्यात विवर्धनाचा संबंध नाही. म्हणजे मागणी होती ती प्रामुख्याने स्विचची.

प्रत्यक्षात हाती आले ते वेगळेच. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी १६ डिसेंबर १९४७ रोजी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्क सुमारे ०.०५ मिलिमीटर अंतरावर टेकवून विवर्धन मिळविले. २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर जे प्रात्यक्षिक झाले त्यात मानवी बोलण्याच्या संदेशाची शक्ती १८ पट झाल्याची नोंद ब्रॅटन यांच्या वहीत आहे. साधन मंडलात घालून आणि काढून आवाजातील फरक उपस्थितांना ऐकविण्यात आला. गंमत अशी की त्या दिवशी स्विचचे काम माणसाच्या हाताने केले आणि ट्रांझिस्टरने केवळ विवर्धन केले! ३० जून १९४८ रोजी जाहीर घोषणा झाली तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी ४६व्या पानावरील रेडिओविषयक सदरात छापली. शोधाला पहिले घर मिळाले ते रेडिओच्या रकान्यात. पुढे १९५२च्या अखेरीस श्रवणयंत्रे आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये चार ट्रांझिस्टर असलेला 'रीजन्सी टीआर-१' हा रेडिओ बाजारात आला. ही दोन्ही साधने विवर्धनाचीच होत.

शॉक्ली यांनी १९४८च्या प्रारंभी मांडलेला आणि १९५१ मध्ये जाहीर झालेला संधी-ट्रांझिस्टर हा विवर्धक म्हणून निर्विवाद श्रेष्ठ होता. त्यात खरखर कमी आणि गुणधर्म अधिक स्थिर असत. त्यामुळे बिंदुसंपर्क ट्रांझिस्टर तत्काळ कालबाह्य झाला, असे सामान्यतः लिहिले जाते. स्विचच्या इतिहासात मात्र चित्र वेगळे दिसते. मँचेस्टर विद्यापीठात ग्रिम्सडेल आणि वेब यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये चालविलेल्या प्रायोगिक संगणकात ९२ ट्रांझिस्टर आणि ५५० डायोड होते, आणि ते सर्व ट्रांझिस्टर बिंदुसंपर्क प्रकारचे होते. अमेरिकन हवाई दलासाठी बेल प्रयोगशाळेत जीन फेल्कर यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९५४ मध्ये पूर्ण झालेल्या 'ट्रॅडिक'मध्येही सुमारे ७०० बिंदुसंपर्क ट्रांझिस्टर आणि १० हजारांहून अधिक जर्मेनियम डायोड होते. 'कालबाह्य' ठरलेले साधन संगणककारांनी का निवडले?

याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की, तत्कालीन संधी-ट्रांझिस्टर संथ होते. त्यातील मधला थर, ज्याला 'बेस' म्हणतात, तो जाड असल्याने विद्युत् वाहकांना तो ओलांडण्यास वेळ लागत असे. दुसरे कारण अधिक रोचक आहे. बिंदुसंपर्क ट्रांझिस्टरमध्ये बाहेर पडणारा कलेक्टरचा प्रवाह आत शिरणाऱ्या एमिटरच्या प्रवाहापेक्षा मोठा असे. या गुणामुळे मंडल सहज अस्थिर होई. विवर्धकाच्या दृष्टीने हा मोठा दोष होता, परंतु एकाच ट्रांझिस्टरमध्ये दोन अवस्थांचे मंडल बनविणाऱ्याच्या दृष्टीने हाच गुण होता. विवर्धक बिघडतो तेथे स्विच सुरू होतो, असे म्हणता येईल.

ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात फेब्रुवारी १९५५ मध्ये चाललेला 'कॅडेट' हा संगणक याचा उत्तम दाखला आहे. त्यात ३२४ बिंदुसंपर्क ट्रांझिस्टर तर्कमंडलांसाठी होते. चुंबकीय ड्रमवरून वाचल्या जाणाऱ्या क्षीण संदेशांच्या पहिल्या विवर्धनासाठी मात्र ७६ संधी-ट्रांझिस्टर वापरावे लागले, कारण बिंदुसंपर्क ट्रांझिस्टरची खरखर त्या ठिकाणी सहन होण्यासारखी नव्हती. एकाच यंत्रात स्विच वेगळ्या जातीचे आणि विवर्धक वेगळ्या जातीचे! आणि हा संगणक घडला तो रेडिओ कारखान्यात नव्हे, तर किरणोत्सारी कणांचे स्पंद मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिकी विभागात.

या यंत्रांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. डायोडच्या द्वारांमधून जाताना स्पंद झिजतो. त्यामुळे काही टप्प्यांनंतर त्याची उंची, कडा आणि वेळ पूर्ववत करणारा स्पंद-विवर्धक बसवावा लागतो. 'ट्रॅडिक'मधील ट्रांझिस्टरांचे मुख्य काम हेच होते. येथे विवर्धन आणि स्विचिंग यांची सांगड पडते, कारण हा विवर्धक आलेल्या स्पंदाची हुबेहूब मोठी प्रतिकृती काढीत नाही. तो ठराविक मापाचा नवा स्पंद योग्य ठोक्यावर सोडतो. तो ठोका देणारी घड्याळयंत्रणा मात्र 'ट्रॅडिक'मध्ये आणि मँचेस्टरच्या यंत्रातही निर्वात नलिकेवरच चालत असे. दहा लाख स्पंद प्रतिसेकंद या गतीने पुरेशी शक्ती पुरविणारा ट्रांझिस्टर तेव्हा उपलब्धच नव्हता.

बंद न होणारा स्विच :

निर्वात नलिकेच्या जाळीवर ऋण विद्युत्दाब दिला की प्रवाह जवळजवळ त्याच क्षणी थांबतो. संधी-ट्रांझिस्टरचे तसे नाही. त्याला पूर्णपणे 'चालू' अवस्थेत नेले की तो संपृक्त होतो, म्हणजे बेसच्या थरात गरजेपेक्षा कितीतरी जास्त अल्पसंख्य वाहक साचतात. नंतर आज्ञा देणारा स्पंद संपला तरी हे साचलेले वाहक ओसरेपर्यंत प्रवाह चालूच राहतो. सभागृहाचे प्रवेशद्वार बंद केले तरी आत दाटलेली गर्दी बाहेर पडेपर्यंत रस्ता मोकळा होत नाही, तसाच हा प्रकार आहे. या विलंबाला संचयकाल म्हणतात. रेडिओच्या अभियंत्याला तो कधीही जाणवला नसता, कारण विवर्धक संपृक्त अवस्थेत जाऊच दिला जात नाही.

हा प्रश्न गणिताच्या चौकटीत बसविण्याचे श्रेय बेल प्रयोगशाळेतील जेवेल एबर्स आणि जॉन मोल यांच्याकडे जाते. डिसेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी ट्रांझिस्टरच्या बंद, विवर्धक आणि संपृक्त या सर्व अवस्थांचे एकत्रित विवेचन केले आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्यास लागणारा काळ काढण्याची रीत दिली. विद्यार्थी आजही एबर्स-मोल प्रतिमान शिकतात, परंतु ते मुळात स्विचच्या चिंतेतून जन्मले हे क्वचितच सांगितले जाते. शोधानंतर सात वर्षांनी हे साधन 'मोठ्या' संदेशांच्या बाबतीत कसे वागते याचा हिशेब प्रथमच नीट मांडला गेला, यावरून त्या सात वर्षांत लक्ष कोठे होते याची कल्पना येते.

उपाय अनेक दिशांनी झाले. फिल्को कंपनीने १९५३ मध्ये जाहीर केलेल्या पृष्ठरोधी ट्रांझिस्टरमध्ये जर्मेनियम दोन्ही बाजूंनी रासायनिक फवाऱ्यांनी कोरून बेसचा थर काही सहस्रांश मिलिमीटर इतका पातळ केला जाई. असे सुमारे ३,६०० ट्रांझिस्टर वापरून मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेत १९५६ मध्ये 'टीएक्स-०' हा संगणक चालू झाला. त्याच प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर यांनी १९५६ मध्ये डायोडच्या साहाय्याने ट्रांझिस्टरला संपृक्ततेच्या उंबरठ्यावरच थोपविणारी जोडणी मांडली. आयबीएममध्ये हॅनन यॉर्क यांनी प्रवाह थांबविण्याऐवजी तो एका वाटेवरून दुसरीकडे वळविणारे मंडल सुचविले, ज्यात संपृक्ततेचा प्रश्नच उद्भवत नाही.

सर्वांत उद्बोधक कथा सोन्याची आहे. विवर्धकासाठी अर्धवाहक जितका शुद्ध तितका चांगला, कारण अशुद्ध अणू वाहकांना गिळतात. स्फटिक शुद्ध करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत विल्यम फॅन यांनी खास पद्धत विकसित केली होती. स्विच बनविणाऱ्यांना मात्र वाहक लवकर नाहीसे झालेले हवे होते. म्हणून महत्प्रयासाने शुद्ध केलेल्या सिलिकॉनमध्ये सोन्याचा अत्यल्प अंश मुद्दाम मिसळण्यात येऊ लागला. एकाच साधनाच्या दोन कार्यांनी मूळ द्रव्याकडूनही विरुद्ध गुण मागितले, याहून अधिक बोलका पुरावा मिळणे कठीण आहे. पुढे १९६४ मध्ये जेम्स बियर्ड यांनी बेकर यांच्या कल्पनेला शॉटकी डायोडची जोड दिली, आणि इंटेल कंपनीचे १९६९ मधील पहिलेच उत्पादन, ६४ बिटांची स्मृती, शॉटकी तंत्रावर आधारित होते.

केली यांच्या मूळ स्वप्नाचे काय झाले, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. शॉक्ली यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढल्यावर दूरध्वनी केंद्रांसाठी चार थरांच्या स्विच-डायोडचा आग्रह धरला. तो व्यापारी दृष्ट्या फसला. १९५७ मध्ये आठ सहकारी त्यांना सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी स्थापन केली. तिची पहिली मागणी होती आयबीएमची, प्रत्येकी १५० डॉलर दराने १०० सिलिकॉन ट्रांझिस्टरांची. चुंबकीय स्मृतीच्या कड्यांना जोरकस स्पंद देण्यासाठी ते हवे होते.

टिफ्रॅकचा न्याय :

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे वळता येईल. डॉ. होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक असल्याने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्पंदमंडलांची गरज प्रारंभापासूनच होती. तुर्भे येथील 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली तेव्हा तिची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा ए. एस. राव यांच्या मार्गदर्शनाखाली देशातच तयार झालेली होती. याच वातावरणात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५४च्या अखेरीस संगणकाचे काम सुरू झाले. प्रायोगिक यंत्र १९५६च्या अखेरीस चालू लागले आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि २,०४८ शब्दांची चुंबकीय कड्यांची स्मृती होती. पुढे पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

ट्रांझिस्टरचा शोध लागून तेरा वर्षे झाली असताना नलिकांचा संगणक उभारणे हा मागासलेपणा होता, अशी टीका या यंत्रावर होते. १९४७ पासून काल मोजला तर ती योग्य वाटते. परंतु १९५४ मध्ये आराखडा ठरविणाऱ्यांसमोर ट्रांझिस्टर-स्विचची काय स्थिती होती? मँचेस्टरचे यंत्र एका वर्षाचे होते, 'ट्रॅडिक'ची घड्याळयंत्रणा नलिकेवर चालत होती, 'कॅडेट' अजून सुरू व्हावयाचा होता आणि एबर्स-मोल यांचे निबंध त्याच डिसेंबरात छापले जात होते. अशा वेळी खात्रीच्या नलिका निवडणे आणि अर्धवाहकाचा वापर डायोडपुरता ठेवणे हा निर्णय मागासलेला नव्हे, तर सावध होता. स्मृतीच्या बाबतीत तर या चमूने तेव्हाचे अद्ययावत तंत्रच स्वीकारले होते.

१९५७ मध्ये पूर्ण यंत्राची बांधणी सुरू झाली तेव्हाचा निर्णय मात्र इतक्या सहजपणे समर्थनीय ठरत नाही. 'टीएक्स-०' तोपर्यंत चालू झाला होता. तथापि त्यातील एकेका ट्रांझिस्टरची किंमत सुमारे ८० डॉलर होती. ३,६०० नगांचा हिशेब केला तर २ लाख ८८ हजार डॉलर, म्हणजे तत्कालीन ४.७६ रुपयांच्या दराने सुमारे पावणेचौदा लाख रुपये होतात. देश परकीय चलनाच्या तीव्र टंचाईतून जात असताना हा आकडा नजरेआड करता येत नाही. आराखडा बदलण्याची संधी होती हे खरे, परंतु ती स्वस्त नव्हती.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू झाले. १९६४ मध्ये टाटा संस्थेतच सीडीसी ३६०० हा अमेरिकन ट्रांझिस्टर संगणक आला आणि १९६५ मध्ये टिफ्रॅक बंद करण्यात आला. १९६६ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून 'इसिजू-१' हा ट्रांझिस्टर संगणक कोलकात्यात उभारला. तुर्भे येथील इलेक्ट्रॉनिकी गटातून १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आकाराला आली, आणि तिच्याकडून १९६९ मध्ये बाहेर पडलेला 'टीडीसी-१२' हा संगणक, हार्वेलच्या 'कॅडेट'प्रमाणेच, अणुकेंद्रातील स्पंद मोजणाऱ्यांच्या हातून घडलेला होता.